सुपारीचं खांडसुद्धा नाही

आमच्या साताऱ्यातल्या हॉलवर वर्षभर कसली ना कसली प्रशिक्षणं चालू असतात. कधी बचत गटाच्या बायका येतात, कधी अंगणवाडीच्या ताई, कधी शाळामास्तर. मी तिथं चहा, नाश्ता आणि दुपारचं जेवण करते. स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यातून मी कप आत सरकवते आणि माणसं रिकामे कप परत ठेवतात. कितीतरी जणांना माझा फक्त हात ठाऊक असेल. मला ते बरं वाटतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासूनच.

त्या खेपेला लावलेला फलक मी जिन्यात उभी राहून वाचला. समुपदेशक प्रशिक्षण. मी चौथीपर्यंत शिकलेय, जोडाक्षरं येतात, पण पहिल्या शब्दाला दोनदा अडखळले. खाली दूधवाला विचारत होता, "एवढी माणसं कसली आल्यात ओ मावशी?"

मी वर ऐकलं होतं तसं सांगितलं, "कौन्सिलर हायेत."

"तीस नगरसेवक? एका जागी?" त्यानं वर बघितलं. "आन् भांडणाचा आवाज कसा न्हाई?"

मग चहाच्या वेळी समजलं. ही माणसं जुगाराच्या नादी लागलेल्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायला शिकत होती. नादातून बाहेर कसं काढायचं आणि नवी पोरं त्यात पडू नयेत म्हणून काय करायचं, दोन्ही. निम्मे सातारा जिल्ह्यातले, निम्मे सांगलीकडचे. नर्स होत्या, शिक्षक होते, मिलिटरीतून रिटायर झालेले एक सुभेदार होते. शिकवायला पुण्याच्या एक मॅडम होत्या. किरकोळ बांध्याच्या, हळू बोलणाऱ्या. हळू बोलायच्या म्हणून सगळे गप्प बसून ऐकायचे.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर 'जुगार' लिहिलं आणि विचारलं, "तुमच्या गावात याला काय म्हणतात?"

"पत्ते."

"तीन पानी."

"क्रिकेटची टीम लावणं."

"रमी. पण ती मोबाइलवरची असली की गेम म्हणत्यात."

"आकडा," कुणीतरी म्हणालं.

माझ्या हातून पोह्यात मीठ दोनदा पडलं. कुणी तक्रार केली नाही, पण पोहे बरेच उरले.

आकडा हा शब्द मी माझ्या भावाकडून शिकले. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आमचं गाव वडूजकडचं, कोरडवाहू. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं चालत लांब जायला लागायचं म्हणून मला घरी ठेवलं आणि त्याला पाठवलं. त्याचा मला कधी राग आला नाही. तो शाळेतून आला की त्याचं पुस्तक मी वाचायचे, तोही वाचू द्यायचा.

पुढं मी लग्न होऊन वाईला गेले; साताऱ्याला आम्ही आलो ते बरंच नंतर. मोठं घर, सासू-सासरे, तीन दीर. सगळ्यांचं करायचं, पण माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. 'चहा झाला का' आणि 'पाणी आलं का' एवढ्यावर दिवस जायचे. भाऊ तोवर टेम्पो चालवायला लागला होता. लोणंदच्या बाजारातून कांदा भरून वाईला यायचा आणि आठवड्यातून एकदा सकाळी माझ्या दारात टेम्पो उभा करायचा. ओसरीवर बसला की चहाच्या आधी विचारायचा,

"आक्का, सपनात काय आलं गं?"

पहिल्यांदा मला हसू आलं. "तुला काय करायचंय?"

"सांग की. पाणी आलं का साप आला? मेलेलं माणूस दिसलं का?"

मी सांगायचे. तो बोटावर काहीतरी जुळवायचा आणि जाताना स्टँडमागच्या टपरीवर मटक्याचा आकडा लावायचा. पाण्याचा एक आकडा, सापाचा दुसरा, मेलेल्या माणसाचा तिसरा. एसटीच्या पाटीवरचा नंबर, पडलेल्या पालीचा दिवस, सगळ्यातून त्याला आकडा दिसायचा. पण माझ्या स्वप्नावर त्याचा जास्त विश्वास होता. "तुझ्या मनात पाप न्हाई, म्हणून तुझं सपान खरं असतं," म्हणायचा.

हा जुगारच आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. आमच्याकडं आकडा लावणाऱ्याला कुणी जुगारी म्हणत नसे, हे खरं. जुगारी म्हणजे पत्त्याच्या डावावर धाड पडल्यावर पळणारे. आकडा काय, सगळेच लावतात. पण माझा चुलता आकड्यापायी गाव सोडून गेलेला मी बघितला होता. तरी मी भावाला सांगत राहिले. खरं कारण लिहायला लाज वाटते. त्या घरात माझ्या मनात काय आहे हे विचारणारा तो एकटाच होता. ज्या आठवड्यात स्वप्न पडलं नाही, त्या आठवड्यात मी रचून सांगायला लागले. विहीर, विहिरीत घागर, घागरीत मासा. तो डोळे मोठे करून ऐकायचा.

एकदा रचलेल्या स्वप्नाचा आकडा लागला. त्यानं मला मोरपंखी रंगाचं जरीकाठी पातळ आणलं. तेवढं भारी पातळ माझ्या लग्नातही नव्हतं.

पुढच्या साली त्याचं लग्न ठरायला लागलं. मुलगी सांगलीकडची, कृष्णेकाठची. तिकडं ऊस, पाणी, आणि आमच्याकडं सगळा मुरूम. तरी त्यांना मुलगा पसंत पडला, कारण तो दिसायला नीटस आणि बोलायला गोड. घर बघायला पाहुणे आले तेव्हा मला माहेरी बोलावलं होतं. मी ते मोरपंखी पातळ नेसले.

पाहुण्यांबरोबर मुलीची आईही आली होती. आमच्यात घर बघायला पुरुषच येतात, म्हणून माझ्या आईला थोडं लागलं. "तपासणी करायला आल्या," ती चुलीपाशी पुटपुटली. मुलीची आई बोलायला कमी होती, माझ्यासारखीच. पाय धुवायला मी तिला मागं न्हाणीजवळ घेऊन गेले. मी तांब्यानं पाणी घालत होते. ती एक पाय धुऊन थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"पोरी, बाप्ये बाहेर बसून शेताचं इचारत्यात. मला तुलाच इचारायचंय. भन खोटं सांगत न्हाई. पोराला कसला नाद हाय का गं?"

नाद म्हणाली ती. व्यसन नव्हे. आमच्याकडं नादात सगळं येतं. शर्यतीच्या बैलांचा नाद, तमाशाचा नाद, आकड्याचा नाद. तिनं अगदी नेमका शब्द उचलला होता.

मी म्हणाले, "न्हाई ओ. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई."

हे शंभर टक्के खरं होतं. भाऊ सुपारी खात नव्हता, तंबाखू नाही, दारूला शिवत नव्हता. प्रत्येक घरात मुलाबद्दल हेच वाक्य सांगतात आणि मीही तेच सांगितलं. तिनं दुसरा पाय पुढं केला. मी पाणी घातलं. पदरानं पाय पुसताना तिनं माझ्या पातळाच्या काठाला हात लावला आणि म्हणाली, "लय गोड रंग हाय."

लग्न झालं. भावजय घरात आली तेव्हा उंबऱ्यावर मापात तांदूळ भरून ठेवले होते. नव्या नवरीनं उजव्या पायानं माप लवंडून आत यायचं असतं. ती घाबरली होती, पाय जरा जोरात लागला. माप गडगडत माजघरात न जाता उलटं फिरून पायरीवरून खाली अंगणात गेलं. सगळे हसले. मीही हसले.

पुढच्याच सालापासून घरातल्या वस्तू जायला लागल्या. आधी तिच्या अंगावरच्या, मग विहिरीवरची मोटार, मग टेम्पो. आकड्याचं सगळं बाहेर आलं. तेव्हा आमच्या आईला ते माप आठवलं.

"लक्षुमी बाहेर लाथाडली हिनं," आई यायला-जायला सांगायची. "लगीन हुईपतोर माझं लेकरू सुपारीचं खांड खात नव्हतं. इचारा की आक्काला. हिच्या पायगुणानं नाद लागला."

माझंच वाक्य. मी पाहुण्यांना दिलेलं उत्तर आईनं उचललं होतं आणि भावजयीवर मारत होती. आईला आधीचं ठाऊक नव्हतं. भाऊ टपरीवर जायचा वाईत, लोणंदला, गावात नाही. ठाऊक होतं ते मला. एकदा आई हे बोलत होती तेव्हा मी समोरच कोथिंबीर निवडत होते. भावजय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी एखादं पान किडकं आहे का ते बघत राहिले.

पुढं तिनं एक सवय लावून घेतली. भाऊ घरातून बाहेर पडायला लागला की ती दारातून बाजूला व्हायची. हातातलं काम टाकून कणगीमागं जाऊन उभी राहायची. आपला पाय त्याच्या वाटेत यायला नको. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आता कणगी नाही, तिथं पत्र्याचं कपाट आहे, आई जाऊनही दोन वर्षं झाली, भाऊ दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो आणि त्याची टपरी खिशातल्या मोबाइलमध्ये आली आहे. ती मात्र परवापरवापर्यंत कपाटामागं उभी राहत होती.

प्रशिक्षणाच्या महिनाभर आधी मी गावी गेले होते. भाची दहावीला आहे. ती पाय धुऊन घरात आली, ओले पाय फरशीवर उमटले. भावजय त्या ठशांकडं बघून मला हळूच म्हणाली, "वन्सं, पाय बगा तिचे. थेट माझे. अंगठ्याजवळचं बोट तसंच लांब. काय करू वो?"

मी म्हणाले, "काय न्हाई होत." आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी नाटकासारखा सराव ठेवला. दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं जुगाऱ्याची बायको. सुभेदारांनी डोक्यावर टॉवेल घेतला आणि ते बायको झाले. मिशा तशाच.

"माझं कसं व्हायचं वो!" ते बसल्या बसल्या कपाळ बडवायला लागले. "मेल्यानं समदं उडवलं!"

समोर एक तरुण मास्तर होते. "ताई, शांत व्हा. आपण पाणी घेता का?"

हॉल हसत होता. मी खिडकीत कप मांडत होते, माझी मान हलली असेल. मॅडमनी ते पाहिलं.

"मावशी, काय चुकलं त्यांचं?"

"काय न्हाई."

"सांगा की. तुम्ही मान हलवलीत."

तीस तोंडं खिडकीकडं वळली. मला पळून जावंसं वाटलं, पण मधे गॅस होता. मी म्हणाले, "ती अशी आल्या आल्या रडणार न्हाई."

"मग काय करेल?"

"आमच्यात तसलं काय न्हाई, म्हणंल."

मॅडमनी सुभेदारांना उठवलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही या." त्या हॉलमध्ये मी केर काढायला शेकडो वेळा गेले होते. खुर्चीवर पहिल्यांदा बसले. हाताला कांद्याचा वास येत होता, म्हणून हात पदरात गुंडाळले. मास्तरांनी छापील कागद मांडीवर घेतला.

"ताई, घरात कोणी जुगार खेळतं का?"

"न्हाई."

"दारू वगैरे?"

"न्हाई."

"तंबाखू, गुटखा? इतर काही व्यसन?"

"सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई."

मास्तरांनी तीन खुणा केल्या. "मग उत्तमच आहे की!"

"पास केलंत मास्तर तिला," सुभेदार ओरडले. "आता नारळ द्या हातात आन् घालवा घरी!"

सगळे हसत होते. माझ्या कानात मात्र न्हाणीतल्या पाण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांनी तेच वाक्य, त्याच सुरात, विचार करायच्या आत तोंडातून आलं होतं.

तेव्हा सांगलीकडची एक नर्स उठली. पस्तिशीची असेल, दोन दिवसांत फार बोलली नव्हती. तिनं मास्तरांना बाजूला केलं, कागद पालथा ठेवला आणि खुर्ची थोडी तिरकी करून बसली, म्हणजे माझ्या तोंडाकडं सरळ बघायला लागू नये.

"मावशी, जेवला का?"

"व्हय. तुमचं झालं की जेवते." मग आठवलं, मी बायको आहे. "जेवले."

"सकाळी उठल्यावर घरात कुणी सपनं इचारतं का वो?"

मी पदरात गुंडाळलेले हात सोडवले. मग म्हणाले, "इचारायचा."

"काय इचारायचा?"

"पाणी आलं का, साप आला का."

"तुमी सांगायचा?"

"सांगायची. पडलं नसलं तर रचून सांगायची."

नर्स थोडी पुढं वाकली. "मावशी, तुमी बायको म्हणून बसलाय. नवऱ्याला कुणी 'इचारायचा' म्हणतं का? ह्यो कोण? भाऊ का ल्योक?"

आता कुणी हसलं नाही.

"भाऊ," मी म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जायचं होतं असं काही नव्हतं.

मागून मॅडमचा आवाज येत होता. त्या सगळ्यांना सांगत होत्या की या बाईनं एकही गोष्ट खोटी सांगितली नाही, तुम्ही चुकीचा शब्द विचारलात म्हणून ती त्याच्या आडोशाला बसली. जुगार विचारू नका, व्यसन विचारू नका. त्यांच्या घरातला शब्द शोधा. सगळे वहीत लिहून घेत होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की मला एका बाईनं अगदी बरोबर शब्द विचारला होता. तरी मी आडोशाला बसले.

नंतर नर्स कप विसळायला आत आली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, तिचे वडील तिच्या आईला रोज पहाटे उठवून विचारायचे. आई म्हणायची, पडलंच नाही. मग मार. "तुमाला पण मारायचा का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. निदान मी गोडीनं केलं असं तरी झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी एक वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. घरच्या बाईला वाटत असतं की हे आपल्यामुळं झालं, म्हणून तिला पहिलं हे सांगायचं. "हे तुमच्यामुळं झालेलं नाही." एकेक जण उठून म्हणत होता. मी डाळ घोटत ऐकत होते. तीस वेळा. कुणी घाईनं, कुणी पाढा म्हटल्यासारखं. सुभेदारांनी हुकूम दिल्यासारखं म्हटलं, तेव्हा सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हे नुसतं सांगून पटत नाही. तिला कशामुळं तसं वाटतं ते आधी विचारा. तिच्या मनात ज्या दिवसापासून ते बसलंय, त्या दिवसाच्या मागं जाता आलं पाहिजे."

त्या दिवसाच्या मागचं माझ्याकडं होतं. ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं.

रविवारी मी साताऱ्याहून वडूजची गाडी धरली. पिशवीत मोरपंखी पातळ होतं. गाडीत मी वाक्य जुळवत होते आणि पुसेगावपर्यंत सगळी विसरले. घरी भावजय एकटीच होती, अंगणात सूप घेऊन मटकी पाखडत बसली होती. भाची शिकवणीला गेली होती, भाऊ रानात.

"वन्सं? आज कसं काय? सांगावा न्हाई, फोन न्हाई." ती पाणी आणायला उठायला लागली. मी तिला बसवलं आणि पातळ तिच्यापुढं सुपाजवळ ठेवलं.

"ह्ये वळखतीस?"

"तुमचं हाय की. आमचं ठरायच्या वेळचं. फोटूत हाय."

"ह्ये तुज्या नवऱ्यानं दिलेलं. आकडा लागला हुता म्हणून."

ती सूप हातात धरून बसली.

"तुमची माणसं घर बघाय आली त्याच्या आदल्या साली," मी म्हणाले. "त्याच्या आधी तीन वर्षं तो लावत हुता. मला म्हाईत हुतं. आकडा माझ्याच सपनावर लावायचा."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं सूप खाली ठेवलं. पाय पसरून बसली होती, ते जवळ घेतले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. जोडवी केव्हाच गेली होती, बोटांवर त्यांचे वळ तेवढे होते.

"म्हंजे मी यायच्या आधी."

"व्हय."

"माप लवंडायच्या आधी."

"व्हय गं."

एक कोंबडी मटकीत शिरली, तिनं हाकललीही नाही. मग विचारलं, "आईनं तुमाला इचारलं हुतं का? माझ्या आईनं?"

मला इथं खोटं बोलता आलं असतं. तिची आई तीन वर्षांमागं गेली. न्हाणीजवळ आम्ही दोघीच होतो.

"इचारलं हुतं," मी म्हणाले. "नाद हाय का, म्हणून इचारलं. मी सुपारीचं सांगितलं."

आता ती रडली. रडत रडत म्हणाली, "आई शेवटपतोर म्हणायची वो, माझंच इचारायचं चुकलं. मला बोलता येत न्हाई, मला नीट इचारता आलं न्हाई, म्हणून माझ्या लेकीचं असं झालं. दवाखान्यात खाटेवर पडून तेच बोलायची."

तीस जणांनी म्हटलेलं ते वाक्य त्या बाईला सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी मी एकटी होते. तीन वर्षांपूर्वी तिला बघायला मिरजेच्या दवाखान्यात मीही गेले होते. शहाळं घेऊन. पाच मिनिटं उभी राहिले होते. तिनं माझा हात धरला होता, आणि एसटीची वेळ झाली असं तेव्हाही म्हणाले होते.

भावजयीनं डोळे पुसले. मी नर्सचं सांगितलं, तिच्या दवाखान्यात आता असल्या माणसांशी बसून बोलायची सोय होणार आहे, भावाला तिकडं नेऊ म्हणाले.

"त्यांचं बगू मागनं," ती म्हणाली. "आधी माझं मला बगू द्या."

तिनं मला जेवायला वाढलं. मटकीची आमटी, भाकरी. स्वतः बसली नाही. निघताना दरवेळी ती मला हळदीकुंकू लावते. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तिचं ते बोट. मी उंबऱ्याजवळ थांबले. तिनं करंडा आणला आणि चौकटीजवळच्या कट्ट्यावर ठेवला.

"लावून घ्या," म्हणाली.

मी माझं मला कुंकू लावलं. पातळ घ्यायला हात पुढं केला, तर तिनं ते उचलून काखेत धरलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या हितं. पोरीला दावायचं हाय."

ते झालं पावसाळ्याच्या आधी. तिचा फोन आला नाही. या दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणंही आलं नाही, माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. भाऊच साताऱ्याला आला, एकटा. वाळला होता. बसल्यावर सवयीनं मोबाइल काढला आणि माझ्याकडं बघून पालथा ठेवला. नर्सच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आला म्हणाला; तिसऱ्यांदा जाईल का ते मी विचारलं नाही. पाटावर बसवून मी त्याला ओवाळत होते, तेव्हा म्हणाला,

"आक्का, तू हिला काय सांगितलंस गं? मी बाहीर निगालो की दारातच हुबी ऱ्हाती. बाजूला हो म्हटलं तर हुईत न्हाई. म्हणती, जायाचं तर माझ्या समूरनं जावा."

"मग?"

"मग काय, अंग चोरून जातो." तो कसंनुसं हसला. "सपान बिपान सांगितलंस का काय तिला?"

"न्हाई," मी म्हणाले. "ह्या खेपेला रचून काय सांगितलं न्हाई."

त्याच्यासाठी डब्यात करंज्या भरल्या, भावजयीसाठी वेगळ्या बांधल्या. त्या तिनं खाल्ल्या की नाही मला कळणार नाही. दारात उभी राहते, हे ऐकून त्या दिवशी मला घास गेला. पण हात धुताना अजूनही ती दुसरी बाई समोर येते. एक पाय धुऊन थांबलेली, माझ्याकडं न बघता विचारणारी. तिचं विचारायचं काही चुकलं नव्हतं, हे तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.